टेबल हलतंय, पाचर द्या!

मी पाचर बोलतेय. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ असा बोटभर लाकडाचा तुकडा. कुणाचं काम अडलं की माणसं म्हणतात, "मध्येच कुणीतरी पाचर मारली." घ्या! जन्मभर दुसऱ्याचं ओझं डोक्यावर घ्यायचं आणि वर बदनामीही आमचीच. पण आज मी रुसायला आलेली नाही. मला फार घाई आहे, माझं ऐका.

एका इमारतीच्या तळाशी सुतारकाकांचं दुकान होतं. दाराची चौकट करून उरलेल्या तुकड्यातून त्यांनी मला तासलं आणि माझ्यासारख्या कितीतरी जणींच्या डब्यात टाकलं. मागेल त्याला ते पाचर फुकट द्यायचे. त्या इमारतीची रीतच तशी होती. घरात काही हललं की बोभाटा करायचा नाही, गुपचूप खाली जाऊन एक पाचर आणायची.

मला वरच्या मजल्यावरच्या शिंप्याने नेलं. त्याच्या शिलाई मशीनचं टेबल डुगडुगत होतं. त्याने मला एका पायाखाली सरकवलं, टेबल दाबून पाहिलं आणि म्हणाला, "झालं, एकदम ठणठणीत!" मला कोण अभिमान वाटला!

शिंप्याला एक मुलगी होती. एका जागी ठरायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. ती माझ्या शेजारी जमिनीवर बसून गोट्या खेळायची. गोटी कुठेही सोडली तरी ती घरंगळत मागच्या कोपऱ्यात, कपाटाखाली जायची.

"बाबा, माझ्या गोट्यांना घर सापडलंय!" भिंगरी टाळ्या पिटायची.

मला मात्र यात गंमत वाटेना. मी सगळ्यांत खाली होते, मला कळत होतं. टेबलाचा भार रोज थोडा थोडा माझ्याच बाजूला येत होता. शिंप्याने माझ्या जोडीला दुसरी पाचर आणली, मग तिसरी. दोऱ्याची रिळं टेबलावरून गडगडायला लागली, तर त्याने कडेला एक पट्टी ठोकली. भिंगरीची आई बादली भरायला बसली की एकाच बाजूने पाणी सांडायचं. तिने बादलीला नावं ठेवली आणि ती अर्धीच भरायला लागली. घरोघरची दारं अडकायला लागली, तर सुतारकाकांनी रंधा मारून ती तासून दिली. खालचं मोठं दार तर आपोआप मिटून चौकटीत घट्ट बसायचं. लोक त्याला खांदा मारायचे आणि कामाला जायचे.

ज्याचं त्याचं घर आतून सरळ होतं. इमारत मात्र वाकडी होत चालली होती! मी ओरडत होते, पण लाकडाचं ओरडणं म्हणजे नुसतं करकरणं.

"या टेबलाला तेल द्यायला हवं," शिंपी म्हणायचा.

एके दिवशी भिंगरीची गोटी उंबऱ्यावरून उडी मारून जिन्यात गेली. भिंगरी तिच्यामागे पळाली. बऱ्याच वेळाने परतली ती धापा टाकत, पाय चिखलाने माखलेले. घड्याळं दुरुस्त करणारे शेजारी, घड्याळजी, तेव्हा कोटाचं माप द्यायला आले होते.

"बाबा, मागच्या जिन्याची खालची पायरी मातीत गेलीय! तिथे खालून सारखं पाणी येतंय. आपली इमारत तिकडे कलतेय!"

"अगं, जुनी इमारत थोडी बसतेच," शिंपी हसत म्हणाला. "म्हातारपणी माणूस नाही का वाकत?"

"आणि कलली असती तर माझं लंबकाचं घड्याळ चाललं असतं का?" घड्याळजी म्हणाले. "बघ जाऊन, कसं टिकटिकतंय."

"पण काका, तुम्ही ते भिंतीवर तिरकं टांगलंय!"

"तिरकं? छे, ते पहिल्यापासून तसंच आहे."

मला रडू फुटलं. लाकडाला रडताही येत नाही हो.

मग भिंगरीने युक्ती काढली. बाबांची कापडाची पिशवी घेऊन ती दारोदार गेली. "काकू, माझी गोटी पलंगाखाली गेलीय, काढू?" असं म्हणायची, आत शिरायची आणि हाताला लागेल ती पाचर ओढून पिशवीत टाकायची. ती घरी परतली तेव्हा तिच्यामागे जिन्यात आरडाओरडा चालला होता. कुणाचा पलंग सरकला होता, कुणाची भांडी फळीवरून खाली आली होती.

ती टेबलाखाली शिरली आणि मला ओढू लागली. मी ओझ्याखाली पुरती आवळले गेले होते. ओढ पोरी, जीव खाऊन ओढ!

"निघ ना गं, निघ!" तिने रडत रडत मला टाच मारली.

मी सुटले. मशीनसकट टेबल कलंडलं, पट्टी मोडली आणि सगळी रिळं कोपऱ्याकडे धावली. शिंप्याने हात उगारला. तेवढ्यात दारात शेजाऱ्यांची झुंबड उडाली.

"माझ्या कपाटाची पाचर कुठाय?"

"ही कसली मेली मस्ती!"

भिंगरीने सगळ्यांसमोर पिशवी उलटी केली. जमिनीवर पाचरींचा हा ढीग पडला. सुतारकाका वाट काढत पुढे आले.

"एवढ्या? अरे, मी तर एकेकच देत होतो..."

त्यांनी आम्हाला एकीवर एक रचलं. चवड भिंगरीच्या गुडघ्याच्या वर गेली. काकांचा चेहरा पांढराफटक पडला.

"पोरगी खरं बोलतेय. चला, जसे असाल तसे खाली चला!"

शिंप्याचा उगारलेला हात खाली आला. त्याच हाताने त्याने भिंगरीला उचललं.

खाली मोठं दार नेहमीसारखं मिटत होतं. भिंती करकरत होत्या. आज ते अडकलं असतं तर खांदा मारायलाही वेळ उरला नसता. निघताना भिंगरीने मला चवडीवरून उचललं होतं, मी तिच्या मुठीत होते. तिने मला पुढे केलं आणि सुतारकाकांनी लाथ घालून मला दाराखाली ठोकलं. सगळं दार माझ्यावर रेललं. माझ्यावरून पावलं धावत होती आणि मी एकच म्हणत होते, लवकर, लवकर! घड्याळजी सर्वांत शेवटी आले, घड्याळ पोटाशी कवटाळून.

"बाबा, माझी पाचर राहिली!" बाहेरून भिंगरी किंचाळली.

आणि मागचा कोपरा खचला.

सगळी माणसं वाचली, हे मला पुढे ढिगारा उपसणाऱ्यांच्या बोलण्यातून कळलं. एक लहान मुलगी रोज येऊन मातीत काहीतरी शोधते, असंही ते म्हणाले. मी तिला सापडले नाही. एका मजुराला सापडले. "बरी आहे, कामाला येईल," म्हणत त्याने मला खिशात टाकलं.

आता मी दूरच्या एका वाचनालयात आहे, टेबलाच्या पायाखाली. सुरुवातीला बरं चाललं होतं. परवा माझ्याखाली कागदाची घडी आली. काल दुसरी आली. ग्रंथपाल बाईंनी टेबल दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "झालं, एकदम ठणठणीत!"

आत्ता या टेबलाशी एक मुलगी चित्र काढत बसलीय. तिची पेन्सिल गडगडत जाऊन खाली पडली. तिने उचलून ठेवली. ती पुन्हा पडली.

"नीट ठेव की गं, धसमुसळी कुठली," तिची मावशी पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली.

मी करकरतेय. जीव तोडून करकरतेय. बाळ, पेन्सिल उचलायला वाकली आहेस ना? तशीच थांब. इकडे बघ, पायाखाली. मला ओढून काढ.