पुढच्या चाकाचं कुलूप

"दाबा सिस्टर. हळूच, पूर्ण नाही."

सिस्टरनी ब्रेकवर दोन बोटं ठेवली. मिस्त्रीने जॅकवर उचललेलं पुढचं चाक हाताने फिरवलं. लिव्हर बोटांना जरा मागे ढकलायचा, सैल पडायचा, पुन्हा ढकलायचा.

"लागतंय हाताला?"

"लागतंय. जन्मभर माणसांच्या नाड्या बघितल्या, आता गाडीची तेवढी राहिली होती."

मिस्त्री हसला. सिस्टर मात्र बाकड्यावर टेकल्या आणि सुजलेले पाय पुढे पसरले. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ती निवृत्ती नावापुरतीच. कुणाचं ड्रेसिंग, कुणाची नळी, कुणाचं इन्शुलिन. बोलावणं आलं की निघाल्या. मोटारसायकल चालवणारी बाई म्हणून सुरुवातीला लोकांनी नावं ठेवली, मग तीच मंडळी मोटारसायकलच्या आवाजाकडे कान लावून बसायला लागली. "आता पुरे कर, ताई," असं धाकटा भाऊ दर फोनला सांगायचा. "घरी बसून काय भिंतींशी बोलू?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. खरं तर त्या थकल्या होत्या, जिने चढताना जीव नकोसा व्हायचा. पण थकले म्हणायचं कुणाला, हाही प्रश्नच होता.

गेल्या खेपेला मिस्त्रीने ब्रेकचे पॅड घासून दिले होते, ते पॅड जिला धरतात ती चाकावरची चकती, डिस्क, पॉलिश पेपरने साफ केली होती. थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. आज त्याने बेअरिंग तपासलं, हँडल हलवून बघितलं. सगळं ठीक होतं. शेवटी वाक मोजायचं काट्याचं घड्याळ आणून त्याचं टोक डिस्कला टेकवलं आणि चाक अगदी सावकाश फिरवलं. काटा शहाण्यासारखा उभा राहायचा आणि डिस्कची एक ठरावीक जागा आली की झटकन सरकायचा.

"डिस्क वाकलीय," तो म्हणाला.

"वाकायला काय झालं तिला? मी कुठे पडलेबिडले नाही."

"चाकाला कुलूप लावता ना तुम्ही? डिस्कच्या भोकात अडकवायचं?"

"लावते की. शेजारची गाडी चोरीला गेली तेव्हापासून."

"ते न काढताच गाडी पुढे घेतली होती का कधी?"

सिस्टर ओशाळल्या. "एकदा. घाईत होते. खाडकन आवाज झाला, पडता पडता वाचले. म्हटलं, कुणाला सांगायचं, हसतील मेले. तेवढ्याने वाकते होय?"

"वाकते कधी कधी," मिस्त्री म्हणाला. मग त्याने चाकाजवळ बॅटरीचा उजेड धरला, वाकून बघितलं, आणि बॅटरी बंद करून उगाचच पाने पुसायला लागला.

हे गप्प बसणं सिस्टरना चांगलं ठाऊक होतं. नातेवाइकांसमोर त्या स्वतः कितीदा तरी अशाच गप्प बसल्या होत्या, हातातलं काहीतरी पुसत.

"काय दिसलं?"

"काही नाही. नवीन डिस्क टाकू, पॅडही बदलू."

"तुझ्या आईच्या उशाशी बसलेली बाई आहे मी. मला नको शिकवूस. दाखव."

मिस्त्रीने नाइलाजाने बॅटरी लावली. गाडी तशीच पुढे घेतली की कुलूप चाकाबरोबर फिरून जिथे आपटतं, त्या चाकाशेजारच्या दांड्यावर खुणा होत्या. एक काळवंडलेली, एक मळलेली आणि एक अगदी ताजी, आतला धातू चमकत असलेली. तीन वेळा आपटलं होतं, तेही वेगवेगळ्या वेळी.

सिस्टर बघत राहिल्या. त्यांना एकच वेळ आठवत होती. बाकीच्या दोन वेळा त्यांनी डोकं खाजवून शोधल्या, पण तिथे काहीच नव्हतं.

"होतं हो," मिस्त्री म्हणाला. "मीसुद्धा हातात पाना धरून पाना शोधतो."

"पण शोधतोयस हे तुला माहीत असतं ना."

मिस्त्रीने वाकलेली डिस्क काढली. त्याने नवी डिस्क बसवली, बोल्ट समोरासमोरचे धरून आवळले आणि पुन्हा काटा लावला. चाक पूर्ण फिरलं, काटा हलला नाही.

सिस्टर गाडी घेऊन निघाल्या. ब्रेक दाबला की बोटांखाली आता काही हलत नव्हतं, गाडी मऊपणे थांबत होती. एरवी त्यांनी वळून मिस्त्रीला शाबासकी दिली असती. आज त्यांनी मान वळवली नाही. गाडीचं काय, पत्रा आहे, बदलता येतो. पण त्यांच्या पिशवीत इन्शुलिन होतं, विसरून दोनदा टोचलं तर माणूस दगावेल असं.

रोज इन्शुलिन द्यायची तीन घरं होती; त्यांतल्या मास्तरांच्या घरी संध्याकाळच्या इंजेक्शनची वेळ झाली होती. मास्तरांच्या बायकोने दार उघडलं. सिस्टर उंबऱ्यातच थांबल्या.

"वहिनी, एक विचारते, खरं सांगा. इंजेक्शन देऊन गेल्यावर मी परत द्यायला आले होते का कधी?"

वहिनींचा हात कडीवरच राहिला. "आधी आत तर या. चहा टाकते."

"वहिनी."

आतून, पलंगावरून मास्तरच बोलले. "आला होतात. पहिल्या वेळी हिने सांगितलं, आत्ताच तर दिलंत. तुमचा चेहरा असा पडला की हिला रात्रभर चैन नव्हतं. म्हणून पुढच्या वेळी म्हणाली, ते झोपलेत, राहू द्या. चहा पाजून तुम्हाला वाटेला लावलं."

म्हणजे हेही एकदाच नव्हतं. सिस्टर आत येऊन खुर्चीत बसल्या. या घरात वहिनी होत्या. बाकीच्या दोन घरांत एकटीदुकटी म्हातारी माणसं, सिस्टर देतील ते इंजेक्शन घेणारी.

"त्या दोन्ही घरी फोन लावा," त्या म्हणाल्या. "आत्ता, माझ्यासमोर. दोघं कसे आहेत विचारा, आणि सांगा, सिस्टर आजपासून येणार नाहीत, दवाखान्यातून दुसरी बाई मागवा. उद्यावर नका टाकू. उद्या मी विसरेन."

वहिनींनी डोळे पुसत फोन लावले. दोघंही ठीक होते. दोघांनीही विचारलं, सिस्टरना बरं नाही का? वहिनी म्हणाल्या, दमल्यात हो.

मग सिस्टरनी पिशवीतून सिरिंज काढून वहिनींच्या हातात दिली.

"मला नाही जमायचं. हात कापतोय माझा."

"कापू दे. पहिल्या वेळी माझाही कापला होता. किती भरायचं ते मोठ्याने म्हणा, आणि मास्तरांनाही म्हणायला लावा. दोघांचं जुळलं तरच टोचायचं."

वहिनींनी टोचलं. मास्तर म्हणाले, "तुमच्यापेक्षा हिचा हात हलका आहे." सिस्टर मनापासून हसल्या आणि हसता हसता त्यांना रडू आलं.

बाहेर येऊन त्यांनी चाकाला कुलूप घातलं, ओढून बघितलं आणि गाडीची नि कुलपाची, दोन्ही किल्ल्या वहिनींना दिल्या. "मिस्त्री येऊन नेईल गाडी. कुलूप काढूनच हलव म्हणावं."

हेल्मेट हातात अडकवून सिस्टर पायी निघाल्या. रस्ता ओळखीचा होता, फक्त आज फार लांब वाटत होता. कोपऱ्यापुढे उतार लागला, तशी त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं ब्रेक दाबावा तशी आपसूक मिटली.