नायकणीचं जन्मस्थळ

आमच्या वसराम नायक तांड्यात चोपन्न घरं, एक मंदिर, दोन हातपंप आणि एक गादी. गादी म्हणजे खरोखरची नव्हे, उगाच डोळ्यांपुढं सिंहासन आणू नका. नायक म्हणजे तांड्याचा म्होरक्या. बापानंतर थोरला मुलगा, अशी आमची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. भांडणं मिटवायची, लग्नात पहिला मान घ्यायचा आणि ग्रामपंचायतीच्या वाटच्या शिव्या आपण खायच्या, एवढंच काय ते नायकाचं राज्य. पण या राज्यासाठी मी, भावसिंग राठोड, निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय साठ, जन्मभर झुरलो. माझी चूक एकच. वसरामदादाच्या मागून चार वर्षांनी जन्मलो.

आम्ही बंजारे आपसांत गोरबोली बोलतो. पण ही गोष्ट मी मराठीत सांगतोय, कारण आमच्या बोलीत सांगितली तर माझी लाज जास्तच निघेल.

दादा चैत्रात गेला. त्याला एकुलता एक मुलगा, रामप्रसाद. हा सहा वर्षं कतारला हॉटेलच्या भटारखान्यात होता, आणि तीन वर्षांपूर्वी परत आला तो बायको घेऊनच. तिचं नाव बिनिता, ती नेपाळची. तिथंच सोबत कामाला होती. दादाच्या तेराव्याला मी खरंच रडलो, खोटं कशाला बोलू. पण डोळे पुसता पुसताच मनात आलं, की नेपाळ म्हणजे परदेश, आणि परदेशी बाई तांड्याची नायकण कशी होईल?

नायकण म्हणजे नायकाची बायको. तिचा मान काही कमी नसतो. श्रावणात आमच्याकडं तीज बसते. कुमारिका पोरी टोपल्यांत गहू पेरतात, त्या टोपल्या नऊ दिवस नायकाच्या दारात असतात, आणि त्या पोरींचं सगळं नायकण बघते. म्हणजे तीजच्या आत नायक ठरायलाच हवा होता. माझ्या घरापुढं मी वैशाखातच टोपल्यांसाठी ओटा बांधून घेतला होता. शेजाऱ्यांनी विचारलं तर सांगितलं, गुडघे दुखतात, बसायला हवा.

मग मी अभ्यासाला लागलो. महिनाभर मोबाइलवर जगातल्या राजघराण्यांचे वारसा कायदे वाचले. इंग्लंडात अगदी अलीकडपर्यंत राजानं कॅथलिक बायको केली की गादी जायची, हे वाचून मला फार बरं वाटलं. डेन्मार्कची आत्ताची राणी ऑस्ट्रेलियात जन्मली, हे वाचलं आणि ते पान झटकन बंद केलं. सोयीचं तेवढंच वाचायची सवय मला सरकारी परिपत्रकांनी लावली.

त्यातून मी आमच्या तांड्यासाठी कायदा लिहिला. तीन कलमं. पहिली दोन नुसती शोभेची. तिसरं असं: ‘नायकाची पत्नी कोणत्याही तांड्यात जन्मलेली असावी, अन्यथा तो पुरुष गादीस अपात्र.’ कुणाचं नाव नाही, गाव नाही. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं.

फुलसिंग आमचा कारभारी, म्हणजे नायकाचा उजवा हात. वय पंचाहत्तर. त्यानं कलम दोनदा वाचून घेतलं, माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं, आणि म्हणाला की कायदा करायचा तर समद्यांना बराबर लागू करा. उद्या कुणाच्याही पोरावर गादी येऊ शकते. तेव्हा घरोघर फिरून कोणाची बायको कुठं जन्मली त्याची यादी करा, आणि तीजच्या आदल्या दिवशी पंचांपुढं वाचा. रामप्रसादही हो म्हणाला. मास्तरला यादी सांगितली की म्हशीला डबकं दिसल्यासारखं होतं. मी त्याच दिवशी रकाने आखले.

पहिलं घर द्वारकाबाईचं. मी विचारलं, जन्म कोणत्या तांड्यातला? ती हसली. तांड्यातला कुठला गुरुजी, म्हणाली, उसाच्या फडातला. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरची सोलापूरकडच्या एका कारखान्याच्या आवारात झालेली, चौथी बैलगाडीत, रस्त्यात. संध्याकाळपर्यंत एकोणीस घरं झाली आणि त्यातल्या बारा बायका माझ्या कलमानं अपात्र ठरल्या.

बाहत्तरच्या दुष्काळानंतर आमचे तांडे दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला जायला लागले, ते थेट होळीच्या सुमारास परतायचे. लेकरू काही कारखान्याचा पट्टा पडायची, म्हणजे हंगाम संपायची, वाट बघत नाही. आणि मला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. दरसाल दसऱ्यानंतर माझा वर्ग रिकामा व्हायचा, तो काय पोरं सहलीला जायची म्हणून? पण कलम लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं फक्त एक नेपाळ होतं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. माझ्यावर तर शब्दही माझेच उलटले होते.

बिनिताकडं गेलो. तिनं चहा ठेवला. तीन वर्षांत ती गोरबोली बोलायला लागली होती, आमच्या शहरात वाढलेल्या नातवंडांपेक्षा चांगली. मी मान खाली घालून विचारलं, जन्मस्थळ? तिनं जिल्ह्यासकट नीट सांगितलं. भारताच्या नागरिकत्वाचं काय, हेही मी विचारलं, जसं काही ते माझ्या रकान्यात होतं. ती म्हणाली की लग्नावरून मागायचं तर सात वर्षं इथं राहावं लागतं, मग अर्ज. तीन झाली, चार राहिली. देशाला सात वर्षं पुरत होती, मला माझ्या तांड्यासाठी सात पिढ्या हव्या होत्या.

निघताना ती हसत म्हणाली, “काका, आमच्या देशानं राजाच काढून टाकला. तुमी इथं चोपन्न घरांसाठी राणी शोधून राहिले.”

मी चहा अर्धा टाकून उठलो. राग आला होता, आणि राग खऱ्या बोलण्याचाच येतो.

शेवटी माझंच घर राहिलं. मोतीबाई, माझी बायको, डाळ निवडत बसली होती. बत्तीस वर्षांचा आमचा संसार. तिचं माहेर आमच्याच तालुक्यातल्या गोरेगावच्या पलीकडच्या तांड्यातलं, म्हणून मी विचारायच्या आधीच तांड्याचं नाव लिहायला घेतलं. तिनं हात न थांबवता सांगितलं, की ते माहेर हाय, तिथं माझा जन्म न्हाई. ती बेळगावाकडच्या एका फडात झाली होती, पाचटावर, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्यावर. आई दुपारपर्यंत तोडत होती, आणि दुसऱ्या दिवशी परत मोळी उचलायला गेली. बत्तीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

मला आधी बायकोची कीव यायला हवी होती. आली ती ओट्याची. मी म्हणालो, “तांडा लिहून टाकतो. कोण बघायला येतंय?”

तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं. “लिहा की. तुमाला सवयच हाय. शाळेत नाव घालताना फडातली किती लेकरं तुमी पेनानं तांड्यात जन्माला घातली? दोनशे? मंग ही बिनिता एकटीच काहून जड झाली?”

ते खरं होतं. दाखल करताना आईबापांना कारखाना आठवायचा, तालुका-जिल्हा आठवायचा नाही. पुढं जातीच्या दाखल्याला पोरं अडकायची. म्हणून मी जन्मस्थळाच्या रकान्यात डोळे मिटून ‘वसराम नायक तांडा, ता. सेनगाव’ लिहायचो. नियमात बसत नव्हतं, पण माझ्या हातून न मागता झालेलं कदाचित तेवढंच एक चांगलं काम. दोनशे पोरांना मी तांडा दिला आणि घरच्या सुनेला नाकारायला कलम लिहिलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. लाज वाटली, आणि त्याहून जास्त, खरं सांगतो, गादी हातची जाते याचं वाईट वाटलं.

तीजच्या आदल्या दिवशी सकाळी मंदिरापुढं सगळे जमले. एकीकडं पुरुष, दुसरीकडं बायका, मागं टोपल्या घेऊन पोरी. यादी माझ्या हातात होती. मोतीबाईच्या नावापुढचा रकाना मी अजून कोराच ठेवला होता. निर्णय पक्का झालेला माणूस रकाना कोरा ठेवत नाही.

मी वाचायला लागलो. द्वारकाबाई, फडात, अपात्र. पुढची, फडात, अपात्र. पाचव्या नावाला लोक हसायला लागले, दहाव्याला पुरुषांतला एक जण ओरडला की गुरुजी, आता नायक करायला बिनलग्नाचाच पोरगा बघा. पंचविसाव्या नावाला फुलसिंगनं हात वर केला. बस झालं, म्हणाला. या कायद्यानं निम्मा तांडाच तांड्याबाहेर जातो. कायदा मेला. रामप्रसाद नायक, बिनिता नायकण, पोरींनो, टोपल्या तिच्या दारात न्या.

आणि झालं. पंचांनी रामप्रसादला पागोटं बांधलं. माझ्या साठ वर्षांचं झुरणं पाच मिनिटांत मिटलं, आणि कुणी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. लोक उठायला लागले, पोरी निघाल्या. यादीची आता कुणालाच गरज नव्हती. कागद घडी करून खिशात घातला असता तर माझं तेवढं झाकलं गेलं असतं.

मी बायकांकडं बघितलं. मोतीबाई उठली नव्हती.

“एक नाव राहिलं,” मी म्हणालो. कुणी थांबलं, कुणी नाही. मी पेन काढून तिथंच उभ्यानं रकाना भरला आणि वाचला. “मोतीबाई भावसिंग राठोड. जन्म बेळगावाकडं, उसाच्या फडात, पाचटावर. अपात्र.”

ती बायकांमधून म्हणाली, “परत वाचा. जोरात.”

मी परत वाचायला घेतलं. तिचं नाव वाचलं, फड वाचला, पाचट वाचलं. त्याच्या पुढचा शब्द मात्र माझ्या तोंडातून काही निघेना.