जशी आणली तशी

आप्पाच्या तोंडात देवाने ‘नाही’ हा शब्द घातलाच नव्हता, आणि त्यापायी एका सायकलचे तुकडे होऊन ते तीन तालुक्यांत पांगले.

सायकलही साधीसुधी नव्हे हो! चौऱ्याण्णव साली आप्पाचा थोरला भाऊ काशीराम बोटीवरून सुट्टीला आला, तेव्हा जपानहून खोक्यात घालून आणलेली. जाडजूड टायर, सरळ आडवं हँडल आणि एकवीस गिअर. डोंगर चढायची सायकल! भाट्याच्या पुलापलीकडच्या तळेवाडीत तोवर सायकल म्हणजे उतारावर बसायची आणि चढावर ढकलायची, एवढंच लोकांना ठाऊक. काशीराम देवळाचा चढ बसल्या बसल्या चढून आला तेव्हा अख्ख्या वाडीने तोंडात बोटं घातली. बोटीवर परत जाताना त्याने सायकल धाकट्याच्या हातात दिली आणि म्हणाला, “सांभाळ हो हिला.” आप्पा म्हणाला, “सांभाळतो.” तो कोणालाही हो म्हणायचा, त्यातलंच ते एक.

मग मागणारे आले. कोणाला चाक हवं होतं, कोणाला तार. आप्पा काढून देत गेला. दोन हजार तीन साली काशीराम कायमचा घरी आला, गोठ्यात गेला, आणि पाहतो तर नुसता सांगाडा, आणि त्यावर एक कोंबडी ऐसपैस बसलेली. कोंबडीचं काही चुकलं नव्हतं, पण काशीरामाचं डोकं फिरलं.

आता इथे वाडीने जो गाढवपणा केला तो ऐका. शिमग्याच्या दिवसांत ग्रामदेवापुढे गाऱ्हाणं घालतात. गुरव एकेक मागणं मोठ्याने देवाला सांगतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेले सगळे एकसुरात म्हणतात, “व्हय म्हाराजा!” म्हाताऱ्या गुरवाने पाऊसपाणी मागितलं, गुरंढोरं मागितली, चाकरमान्यांना सुखी ठेव म्हणून सांगितलं. तेवढ्यात काशीराम पुढे झाला आणि त्याच सुरात म्हणाला, “बा देवा म्हाराजा, माझी सायकल जशी आणली तशी या अंगणात उभी राहीपर्यंत मी माझ्या भावाशी एक शब्द बोलणार नाय!”

“व्हय म्हाराजा!” सगळी वाडी गरजली. कोणाचं लक्ष होतं मेल्यांचं? निम्मे नारळाकडे बघत होते. आणि सांगायला लाज वाटते, पण सवयीने आप्पाही त्यांच्याबरोबर ओरडला.

झालं. देवाच्या दारात गावाने मान्य केलेली गोष्ट, ती मोडायची कोणी? काशीराम डोंबिवलीला राहायला गेला. दर शिमग्याला यायचा, चुलत्याकडे उतरायचा, सगळ्यांशी गप्पा मारायचा आणि आप्पा समोर आला की विजेच्या खांबाला वळसा घालावा तसा पुढे जायचा. आई गेली तेव्हाही तसाच. बावीस वर्षं!

यंदा माघात बातमी आली. शिमगा झाला की काशीराम मुलाकडे न्यूझीलंडला निघाला, कायमचा. सदुसष्ट वय. परत कुठला येतोय?

आप्पा त्या दिवशी जेवला नाही. बायकोला म्हणाला, “मथुरा, दादा न बोलताच जाणार गो.”

“मग बसून काय राहिलात? सायकल उभी करा,” मथुरा म्हणाली.

सायकल दुरुस्त करणारा निलेश वाडीतलाच, पन्नाशीचा गडी. त्याने सांगाडा घासला, रत्नागिरीतून नवंकोरं सामान आणलं आणि दोन दिवसांत सायकल उभी केली. देवळात नेली. म्हाताऱ्या गुरवाच्या मागे आता त्याचा मुलगा समर्थ देवाची सेवा करायचा. त्याने रिवाजाप्रमाणे देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि कौल लावला. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

डावी पडली.

“चाक नवं आहे म्हणून असेल,” समर्थ म्हणाला. चाकाचं विचारलं, डावी. साखळीचं विचारलं, डावी. सांगाड्याचं विचारलं तर उजवी टपकन पडली.

“म्हणजे देवाला अस्सल माल पाहिजे?” निलेशने कपाळाला हात लावला.

“गाऱ्हाण्यात ‘जशी आणली तशी’ म्हटलंय ना. देव काय करणार? तुम्हीच सगळे व्हय म्हाराजा म्हणालात,” समर्थ म्हणाला. तो तेव्हा आठ वर्षांचा होता, त्यामुळे त्याला हे म्हणायला सोपं होतं.

मग सुरू झाला शोध. आयुष्यभर देत आलेला माणूस एकसष्टाव्या वर्षी मागायला निघाला, आणि त्याची जीभ दर दारात टाळ्याला चिकटायची. काशीकाकूच्या स्वयंपाकघरात सायकलचं मोठं दातेरी चाक तीस वर्षं आडणी म्हणून आमटीच्या टोपाखाली होतं. “टोप हलत नाय रे याच्यावर,” काकू म्हणाली, “दातांत बसतो. तुझा भाऊ हिच्यावरून मला दवाखान्यात घेऊन गेलेला, आठवतं? मी दांड्यावर, आणि मांडीवर नारळाची पिशवी.” तिने आडणी चिंचेने घासली, हळदकुंकू लावलं आणि लेक सासरी पाठवावी तशी डोळे पुसत दिली.

हर्ण्याला पुढचं चाक सापडलं. त्याच्या तारांना बोंबील वाळत घातले होते. देणाऱ्या बाईने बोंबलांसकट दिलं, कारण काढत बसायला तिला वेळ नव्हता. एसटीत आप्पाच्या शेजारी कोणी बसलं नाही.

मागचा गिअर मात्र सापडेना. शेवटी निलेशच मान खाली घालून म्हणाला, “आप्पा, तो मीच नेलेला. कॉलेजात योगिनीला दिला. अंगठी परवडत नव्हती, आणि ही वस्तू जपानची होती.”

योगिनी आता लांज्यात, नवऱ्याचा काजूचा धंदा. दोघं तिच्या दारात उभे राहिले. तिने सगळं ऐकलं, आत गेली आणि मखमलीच्या डबीतून गिअर घेऊन आली. नवरा म्हणाला, “अगं, हे तर तुझ्या आजीचं नजर उतरवायचं यंत्र ना?” योगिनीने गिअर आप्पाच्या हातात ठेवला. निलेशकडे बघून एवढंच म्हणाली, “दर दिवाळीला तेल घातलंय.” परतीच्या वाटेवर निलेश खिडकीबाहेर बघत राहिला.

ब्रेकची रबरं सगळ्यात शेवटी मिळाली, तीही आप्पाच्याच घरात. मथुराने ती घरघंटीच्या पायाखाली घातली होती. तीस वर्षांत त्यांचा दगड झालेला.

“यांनी ब्रेक लागणार नाय,” निलेश म्हणाला. “एवढी नवी घालू या. देवाला काय कळतंय?”

“देवाला कळतं,” समर्थ म्हणाला. कौल लावला. नव्या रबरांना डावी, दगडांना उजवी. वाद संपला.

पालखीच्या दिवशी सायकल देवळाच्या अंगणात उभी राहिली. लाल रंगाचे पोपडे उडालेले, बोंबलाचा वास अजून तसाच, दातेरी चाकाला कुंकू. सगळी वाडी जमली. समर्थने शेवटचा कौल लावला आणि उजवी पाकळी पडली. देव मोकळा, गाव मोकळं.

काशीराम आला. पाठीत थोडा वाकलेला, पायात पांढरे बूट. त्याने सायकलभोवती एक फेरी मारली. गिअर हाताने फिरवला. पुढचं चाक हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. आप्पा दोन हात अंतरावर उभा, डोळे भावाच्या तोंडाकडे. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. ढोलवाल्यांनीसुद्धा हात आखडले. आता बोलायला मुभा होती, पण बावीस वर्षांनी पहिला शब्द कुठला काढायचा, ते त्या बिचाऱ्यालाच सुचेना. अवघडला आणि अवघडल्यापायी टांग मारून सायकलवर बसला.

देवळाचा उतार जांभा दगडाचा, सरळ खाडीपर्यंत. सायकल सुटली. काशीरामने ब्रेक दाबले. पुन्हा दाबले. पांढरे बूट जमिनीला घासले, धुरळा उठला, आणि सगळ्या गावाने ऐकलं:

“आप्पाऽऽ! धर रे मलाऽऽ!”

आप्पाचा डावा गुडघा जिना चढताना दहा वेळा थांबायचा. तो आप्पा धावला. धोतर हातात धरून, चपला मागे टाकून, शेतातून आडवा गेला आणि वळणावर भावाला कमरेत मिठी मारून खाली ओढलं. दोघंही पेंढ्याच्या उडवीत गडगडले. सायकल थांबली नाही. एकटीच उतरत गेली, कुणी बसलं असतं तर चालली असती तेवढीच सरळ, आणि भरतीच्या खाडीत डुबकन गेली.

आप्पा पेंढ्यातून कसाबसा उठला. “दादा, सायकल! थांब, काढतो, अजून वर दिसतेय—”

काशीरामने त्याचा हात धरला आणि खाली बसवला. “जाऊ दे ती. बस इथे. हलू नकोस.”

आप्पा बसला. दोघांच्या केसांत पेंढा. वरून माणसं धावत येत होती, अजून थोडी लांब होती. काशीराम धापा टाकत खाडीकडे बघत होता आणि मग घाईघाईने, कोणी येण्याआधी सांगून टाकावं तसा म्हणाला, “आईच्या तेराव्याला तू पंगतीत वाढत होतास. सगळ्यांना वाढलंस. मला विचारायचं होतं तुला, आणि जीभ उचलली नाय रे माझी. तेव्हापासून तेच डोक्यात आहे.”

“काय विचारायचं होतं?”

“तू जेवलास का?”

आप्पाच्या ओठांवर सवयीने ‘हो’ आला, तो त्याने मागे घेतला.

“नाही,” तो म्हणाला. “नाही जेवलो, दादा.” आणि लहान पोरासारखा रडायला लागला.