टोपीवाचून राहिलेला बिल्ला

मित्रांनो, पितळेचा असलो तरी मलाही शीण येतो. मी एका पलटणीच्या टोपीवरचा जुना बिल्ला आहे. कित्येक वर्षं धाड गावातल्या एका घरात पडून आहे, आणि मला देव्हाऱ्यात ठेवायचं की नाही हा वाद ऐकून पार कंटाळलो आहे.

माझ्या अंगावर दोन भाले आहेत आणि मध्ये एक घागर. दुसऱ्या पलटणींचे जवान आम्हाला “आले पाणके!” म्हणून चिडवायचे. पण फार पूर्वी आमची पलटण वेढ्यात सापडली, तेव्हा पाण्याची एकच घागर उरली होती. ती रांगेतून शेवटच्या जवानापर्यंत गेली, तरी तिच्यात पाणी शिल्लक होतं. प्रत्येकाने पुढच्यासाठी राखून नुसते ओठ ओले केले होते. तेव्हापासून घागर ही आमची खूण झाली. नव्या जवानाला उस्ताद आधी ही गोष्ट सांगत, मगच मला टोपीवर लावू देत.

मी शेषरावांच्या टोपीवर मिरवलो. बासष्ट साली ते दसऱ्याला सुट्टीवर घरी आले. त्यांच्या बायकोने, विमलबाईंनी, मला टोपीवरून काढून चिंचेने घासलं आणि ओट्यावर उन्हात ठेवलं. तेवढ्यात तार आली, ताबडतोब हजर व्हा. शेषराव तशीच टोपी घालून निघाले. विमलबाई मला मुठीत धरून स्टँडकडे धावल्या, तोवर गाडी सुटली होती. माझी जागा त्यांच्या डोक्यावर होती आणि मी इथेच राहिलो, हे मला अजून सलतं.

चीनशी लढाई संपल्यावर सरकारी कागद आला. त्यात ‘बेपत्ता’ एवढंच होतं.

आमच्याकडे गेलेल्या माणसाचा टाक करतात, म्हणजे धातूचा छोटा पत्रा, आणि तो देवांशेजारी पुजतात. शेषरावांच्या आईने, अन्नपूर्णाबाईंनी, काही वर्षं वाट पाहिली. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. माझी घागर त्यांना देवाचा कळसच वाटायची.

“हाच त्याचा टाक समजू. मह्या पोरापुढं दिवा त लावू दे मले.”

“टाक मेल्यायचा असते, आत्याबाई. मी कुकू काऊन पुसू? आन् तो कळस नाही, पाण्याची घागर हाय.”

दर सणाला हेच. सासू मला देव्हाऱ्यात ठेवायची, सून उचलून पेटीत टाकायची. हळद लागायची, पुसली जायची. दोघींचंही खरं होतं, म्हणून तर जीव जास्त शिणायचा.

पुढे अन्नपूर्णाबाईंनी अंथरूण धरलं. एका सकाळी विमलबाईंनी स्वतःच मला पेटीतून काढलं आणि हळदीची वाटी घेऊन त्यांच्या उशाशी बसल्या. 

“घ्या, आत्याबाई. लावा हळद.”

म्हातारीने मला बराच वेळ चाचपलं आणि सुनेच्या हातात परत दिलं.

“नको. मी आता वरच चालली. तिथं तो नसला, त तू म्हणतं तेच खरं.”

“मंग ते मले कसं कळन?”

 म्हातारीने सुनेच्या कपाळावरचं कुंकू बोटाने सारखं केलं. दोन दिवसांनी ती गेली.

मित्रांनो, तुमच्या घरी असा एखादा बिल्ला असेल तर त्याला मोडीत घालू नका, आणि घाईने त्याचा देवही करू नका. आणि तुमच्या गावात विमलबाईंसारखी कुणी असेल, तर तिला ‘आता किती दिवस वाट बघणार?’ असं विचारू नका. आमच्या विमलबाई ते रोज स्वतःलाच विचारतात, आणि ऐकायला मी एकटाच असतो.