उशीवर डोकं टेकल्यावर

गाद्या-उशांचं ते प्रदर्शन एका अवाढव्य दालनात भरलं होतं, आणि आत पाऊल टाकलं की आपण जागे आहोत याची खात्रीच वाटेनाशी व्हायची. नजर पोचेल तिथवर पलंग. पांढऱ्या चादरी, छतापासून सोडलेले पांढरे पडदे, थंड हवेने संथ हलणारे. गालिचा इतका जाड की माणसं चालतात की तरंगतात, कळू नये. आणि एवढ्या झोपेच्या सामानात झोपायला म्हणून एकही जण आलेला नव्हता. सगळे मेले बोलायला आले होते.

घुमी आपल्या स्टॉलच्या कोपऱ्यात उभी होती. घुमी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ताईने लहानपणी ठेवलं ते असं चिकटलं, की खरं नाव घरच्यांनाही आठवावं लागे. दोघी बहिणींचा उशांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन खोल्या, कापूस पिंजायचं एक यंत्र आणि हवेत कायम उडणारे पुंजके. घुमी उशा भरायची, ताई विकायची. ताई दगडालाही बोलतं करील अशी.

या वर्षी मात्र ताईच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी तिला बोलायला बंदी केली, आणि आवाज परत येईल का, या प्रश्नावर स्वतःही मूग गिळून बसले. नेहमीचा व्यापारी दुसरीकडे वळला. प्रदर्शनात एकही मोठं गिऱ्हाईक मिळालं नाही, तर यंत्र विकून टाकायचं असं ठरलं. ठरलं म्हणजे घुमीने विचारलं आणि ताईने टेबलावर बोटाने एकदा टक केलं. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

घुमीचा जीव यंत्रात नव्हता, दुपारच्या वेळेत होता. नव्या भरणीची उशी दोघी दुपारी स्वतः डोक्याखाली घेऊन बघायच्या. सतरंजीवर शेजारी शेजारी आडव्या, नजर छताकडे. समोर कुणाचं तोंड नसलं की घुमीला बोलता यायचं. "डावीकडे जरा कमी झालंय," इथून गाडी सुटायची ती कुठल्या कुठे जायची. आयुष्यात ती जे काही मनातलं बोलली, ते असं पडल्या पडल्या. शस्त्रक्रियेनंतर ताई शेजारी येऊन पडेनाशी झाली होती. उत्तर देता येत नाही तर पडून काय करू, असं तिला वाटत असावं. कारखाना गेला, की ती सतरंजी कायमची गुंडाळली जाणार होती.

"काय खास आहे तुमच्या उशीत?" सकाळी एकाने विचारलं. घुमीची दातखीळ बसली. तिने उशी पुढे केली. त्याने ती भाजी दाबून बघावी तशी दाबली, स्वतःचं कार्ड ठेवलं आणि गेला. नंतर आलेल्यांचंही तेच. शेजारचा स्टॉलवाला आपला माल जगात कसा एक नंबर आहे ते ओरडून सांगत होता, आणि त्याच्याकडे ही गर्दी. न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत म्हणतात, ते काही खोटं नाही.

दुपार झाली. गर्दी जेवायला पांगली. पडदे हलत होते, कुठेतरी मंद संगीत चाललं होतं. घुमीचे डोळे जड झाले, आणि हात सवयीने नमुन्याच्या उशीकडे गेला. स्टॉलच्या रुंद पलंगावर ती आडवी झाली. वर पांढरं पांढरं काहीतरी तरंगत होतं. कापूसच असणार.

"ताई," ती म्हणाली, "डावीकडे जरा कमी झालंय गं."

"माझ्याही," शेजारून आवाज आला. "पण मान सुटली हो माझी."

घुमी दचकली. पलीकडच्या उशीवर एक वयस्क बाई डोळे मिटून पडल्या होत्या. चपला खाली काढलेल्या. भर बाजारात आपण आपल्याच तोंडाने आपल्या मालाची खोड काढली, हे ध्यानात येऊन तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उठायला लागली.

"उठू नका," बाई म्हणाल्या. "उठलात की तुम्ही मला कार्ड द्याल, मग मला द्यावं लागेल. सकाळपासून तेच चाललंय. ही ताई कोण?"

घुमीने छताकडे पाहिलं, आणि तिची गाडी सुटली. कापूस पहिल्या काही दिवसांत कसा बसतो आणि कोपरे का रिकामे पडतात, ताई कशी बोलायची, आता टेबल कसं वाजवते, सगळं. बाई मधूनमधून हुंकार देत होत्या. त्यांची डोंगरावर विश्रामगृहं होती आणि उतरणारा प्रत्येक पाहुणा सकाळी मान धरून उठायचा.

"आणि ताईचा आवाज नाहीच परत आला तर?" बाईंनी विचारलं.

नाहीच आला तर काय, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. घुमीनेही नाही.

"तर मी बोलेन," ती म्हणाली, आणि आपलाच आवाज ऐकून तिला रडू आलं.

 बाई उठल्या, चपला हातात घेतल्या. "सगळ्या खोल्यांसाठी पाठवा उशा. डावा कोपरा तेवढा भरा." आणि त्या पडद्यांमधून अनवाणीच निघून गेल्या. पलंगावर त्यांनी ठेवलेलं कार्ड नसतं, तर घुमीला स्वप्नच वाटलं असतं.

संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीवर येऊन तिने घरी फोन लावला.

"ताई, आडवी हो आधी. झालीस?"

टक.

मग घुमी छताकडे बघत बोलत राहिली. प्रदर्शन, पडदे, बाई, डावा कोपरा. शेवटी तिने तो प्रश्न सांगितला, आणि आपण दिलेलं उत्तरही. पलीकडून नाक ओढल्यासारखा आवाज आला.

"ताई, रडतेस का गं?"

टक टक.

घुमी फोन कानाशी धरून पडून राहिली. बऱ्याच वेळाने पलीकडून एकदाच आवाज आला.

टक.