गुणाजीच्या खांद्यावरचे रंग

गुणाजीने जांभळ्या साडीचा पदर डाव्या खांद्यावरून पुढे घेतला, खिडकीपाशी जाऊन उजेडाकडे तोंड केले, आणि तेवढ्यात जिन्यातून त्याच्या बायकोचा आवाज आला.

"सांभाळून चढा गे. आमच्या ह्येंचां दुकान वरच्या माळ्यार आसा."

त्याच्या तोंडचे पाणी पळाले. सुलक्षणा इथे? आणि 'चढा गे' म्हणजे बरोबर आणखी माणसे!

मुलुंड स्टेशनजवळच्या या साडीच्या दुकानात आपण माल बघतो, असे त्याने घरी सांगितले होते. तसे ते खोटे नव्हते. माल सबंध दिवस त्याच्या अंगावरच असायचा.

गुणाजीची उमेदीची सारी वर्षे गिरणीत गेली होती. तो साचेखात्यात, म्हणजे मागांवर, विणकर. कापडात जन्म घालवला, पण रंग त्याच्या वाट्याला आला नाही. मागावरून उतरते ते मळकट पांढरे, कोरे कापड. त्याला रंग चढायचा तो पुढे, दुसऱ्यांच्या हातून. मग संप झाला, गिरणी गेली, आणि श्यामसुंदर शेटनी त्याला घड्या घालायला ठेवून घेतले.

घड्या घालणाऱ्या माणसाच्या अंगावर साडी आली ती शेटच्या मुलीमुळे. पद्मजाने वांद्र्याच्या एका पार्लरमध्ये कसलासा कोर्स केला होता आणि शिकून आलेले कोणावर तरी करून बघायला तिचे हात शिवशिवत होते. दुपारी गिऱ्हाईक नव्हते. तिने गुणाजीला खिडकीशी बसवले आणि त्याच्या केसांवर पांढरा पंचा बांधला.

"काका, माणसं चार ऋतूंची असतात. कोणी वसंतातलं, कोणी उन्हाळ्यातलं, कोणी पानगळीतलं, कोणी थंडीतलं. गोरं की काळं हा प्रश्नच नाही. कोणाला कुठले रंग खुलतात ते बघायचं, बस."

ती त्याच्या हनुवटीखाली एकेक ब्लाउजपीस धरू लागली. बदामी धरला तर आरशातला गुणाजी तापातून उठल्यासारखा दिसला. मोरपिशी धरला आणि शेटसुद्धा गल्ल्यावरून उठून आले. तोच काळा चेहरा, पण डोळे कसे लखलखीत!

"थंडीतले! काका, तुम्ही एकदम थंडीतले! गडद, स्वच्छ रंग तुमचे."

"थंडीत मला खोकला होतो, ताई," गुणाजी म्हणाला. तिघेही हसले.

शेट हसले, पण शेट होते. निम्मी गिऱ्हाइके सावळी, आणि त्या बायका आरशासमोर उभ्या राहायला मागत नसत. दुसऱ्या दिवसापासून त्यांना दाखवायची साडी गुणाजीच्या खांद्यावर आली. बायका आधी खुसखुसल्या. मग आल्या आल्या विचारू लागल्या, "ते काका कुठायत?" गुणाजीला ते काम आवडू लागले होते, आणि खरी पंचाईत तीच होती. लाज वाटायची ती कामाची नव्हे, कोणी ओळखीचे बघेल याची. त्यातही सुलक्षणा बघेल याची फार.

आणि आज ती जिना चढून वर आली होती. तिच्या मागे धाकू होता, त्याची मुलगी अनुपमा होती आणि त्यांच्या भांडुपच्या चाळीतल्या चार बायका. अनुपमाच्या लग्नाचा बस्ता बांधायला मंडळी खरे तर दादरला निघाली होती. 'आमचे हे दुकानात आसत, तर परक्याकडे कित्याक?' म्हणून सुलक्षणानेच त्यांना मोठ्या दिमाखात इकडे वळवले होते.

धाकू म्हणजे गुणाजीच्या शेजारच्या मागावरचा विणकर, आणि आता शेजारच्या खोलीतला. आधी तो नुसता बघतच राहिला.

"गुण्या! मेल्या, ह्यां काय? साडी नेसूक लागलस कधीपासना?"

तो मांडीवर थाप मारून हसला. बायकांनी तोंडाला पदर लावले. गुणाजीने सुलक्षणाकडे पाहिले. ती तिच्या ठेवणीतल्या बदामी साडीत उभी होती. जिन्यातले हसू अजून तिच्या चेहऱ्यावर होते, पण त्याचे काय करावे हे तिला कळत नव्हते. गुणाजीने मान खाली घातली आणि पदर ओढून काढू लागला.

"काढू नका," सुलक्षणा म्हणाली.

ती धाकूकडे वळली.

"धाकूभावजी, हसतास कित्याक? तुमची अनू ह्येंच्याच रंगाची. तिच्यार काय बरां दिसात तां ह्येंच्यार बघून घेवा."

बायका गादीवर बसल्या. धाकूने लगेच फिकट गुलाबी शालूवर बोट ठेवले. "काळ्या पोरीक फिकांच बरां," तो म्हणाला. अनुपमाने मान डोलावली. असल्या बोलण्यावर मान डोलवायची तिला लहानपणापासूनची सवय होती.

"काका, आधी तो गुलाबी घ्या. मग हा राणी रंगाचा," पद्मजा म्हणाली.

गुणाजीने गुलाबी शालू खांद्यावर घेतला. धाकूने मान तिरकी करून पाहिले आणि त्याचे हसू ओसरले. "आजारी दिसतस रे," तो म्हणाला. मग गुणाजीने राणी रंगाचा घेतला, आणि अनुपमा कोणी न सांगता उठून त्याच्या शेजारी आरशासमोर येऊन उभी राहिली. गुणाजीने पदराचे टोक तिच्या खांद्यावर टाकले. पोरगी स्वतःकडे बघतच राहिली.

"ह्योच बांधा," धाकू म्हणाला.

बस्ता झाला, हळदकुंकू लावून झाले, शेटनी सगळ्यांना थंडा पाजला. सुलक्षणा मात्र त्यानंतर एक अक्षर बोलली नाही. बस्त्याचा दिवस होता म्हणून शेटनी गुणाजीला मंडळींबरोबर लवकर सोडले, तर बसमध्येही ती खिडकीबाहेर बघत बसली. घरी येऊन तिने चहा टाकला, कप त्याच्यापुढे ठेवला आणि समोर बसली. माझी लाज वाटली हिला, गुणाजीने मनाशी धरले. एवढ्या कौतुकाने चार माणसे घेऊन आली, आणि नवरा बघते तर साडीत!

"माका कित्याक सांगूक नाय?" शेवटी तिने विचारले.

"लाज वाटली. चाळ हसात, तुका कोण काय बोलात..."

"हसांदे. हसण्याचां माका काय नाय." ती थांबली. "सगळ्या मुलुंडच्या बायकांका तुमी सांगतास, कोणाक काय बरां दिसता तां. माका कधी सांगलास?"

गुणाजीने कप खाली ठेवला.

त्याला गावच्या घरातले, लग्नानंतरचे पहिले गणपती आठवले. सुलक्षणा लग्नातली मोरपिशी साडी नेसून बाहेर आली होती, आणि त्याच्या आईने भरल्या घरात म्हटले होते, "काळ्यार कसली गे ही मोरपिशी? काढ ती." गुणाजी तिथेच आरतीचे तबक घेऊन उभा होता. तो बोलला नाही. ती आत गेली ती बदामी साडी नेसून आली, आणि त्यानंतर तिच्या अंगावर बदामी, राखाडी नाहीतर चहाच्या रंगाचेच काहीतरी राहिले. आई जाऊनही कितीतरी वर्षे झाली होती.

"तू थंडीतली आसस," तो म्हणाला.

"काय?"

"थंडीतली. माझ्यासारखीच. बदामी तुका शोभणा नाय. कधीच शोभूक नाय. आवशीचां चुकलां, आणि माका बोलूचां होतां, मी बोललंय नाय."

सुलक्षणाने डोळ्यांना पदर लावला. तोही बदामीच होता. मग ती उठली, खाटेखालची ट्रंक ओढली आणि अगदी तळातून मोरपिशी साडी काढली. डांबरगोळ्यांचा वास खोलीभर पसरला. घड्यांवर साडी जरा विरली होती, पण रंग जसाच्या तसा होता.

तिने ती स्वतःच्या अंगावर धरली नाही. आरशात स्वतःला बघायची तिची सवयच मोडली होती. तिने ती गुणाजीच्या खांद्यावर टाकली.

"आधी तुमी. माका बघांदे."

गुणाजी भिंतीवरच्या आरशासमोर उभा राहिला. बाहेर गॅलरीत माणसांची ये-जा चालू होती. त्याने दार लोटायला हात पुढे केला.

"असांदे उघडां," ती म्हणाली.

त्याने हात मागे घेतला. आरसा खिळ्यावरून काढून दाराच्या कडेला टेकवला. पदराचे एक टोक आपल्या खांद्यावर राहू दिले आणि दुसरे तिच्या हनुवटीखाली धरले, दुकानात धरायचा तसे, सुरकुती काढून.

"हय ये. उजेड अजून आसा."

ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. गॅलरीतून धाकू पाण्याची बादली घेऊन चालला होता, तो थबकला. गुणाजीने मान खाली घातली नाही. सुलक्षणाचे धाकूकडे लक्षच नव्हते. ती आरशात बघत होती.