काल्याच्या दह्यातली रोमन काच

या, जवळ सरकून बसा. दोन हजार वर्षं मातीत सुखरूप राहिलेली काच आपल्या काल्यात कशी सापडली, त्याची गोष्ट ऐका.

अमळनेरजवळच्या खेड्यातल्या धुरपदाबाईंना भाची रूपानं गळ्यातलं पाठवलं. रूपा इस्रायलमध्ये एका आजारी म्हातारीची सेवा करते. चांदीच्या कोंदणात रोमन काळातल्या फुटक्या काचेच्या भांड्याचा तुकडा. वर मोरपिसासारखी निळी-जांभळी झाक. रूपानं बजावलं होतं, "मावशी, ही झाक म्हणजे पापुद्रा आहे. पाणी नको, अत्तर नको, घासायचं तर नावच नको. पण काल्याला घाल, मला फोनवर बघायचंय."

सप्ताहाचा शेवटचा दिवस. कीर्तनात अत्तराचा बोळा फिरत आला, तशा धुरपदाबाई मागे सरकल्या. टाळ्या वाजवायच्या, तर एक हात गळ्यावर. शेजारची कुंदाबाई म्हणाली, "काय वं अक्का, घसा बसना का?"

फुगडीलाही त्या उठल्या नाहीत. विठ्ठलाच्या नावानं गिरकी घ्यायला वर्षभर वाट बघणारी बाई खांबाला टेकून राहिली. एवढ्या लांबून पोरीनं जीव लावून पाठवलेलं. त्याची झाक आपल्या हातून गेली तर तिला काय तोंड दाखवायचं?

तेवढ्यात हंडी फुटली. दह्याचा गोळा नेमका काचेवर! कुंदाबाईनं झटकन पदर पुढे केला.

"हात नको लावू!" धुरपदाबाई अशा ओरडल्या, की मृदंग थांबला.

"दही शे ते, इख थोडीच शे!"

सून सारिकानं फोन लावला. रूपा म्हणाली, "घासू नका. ओला कापूस पिळून नुसता टेकवा, उचला."

धुरपदाबाईंना स्वतः कापूस टेकवायचा धीर होईना. मग कुंदाबाईच पुढे झाली. सगळ्या बाया भोवती वाकून उभ्या. टेकवला, उचलला, टेकवला, उचलला. दही गेलं. कडेची मोहरीएवढी झाक मात्र कापसाबरोबर निघून आली.

"गेली गं!" धुरपदाबाईंचे डोळे भरले.

"जाऊ दे, मावशी. बाकीची आहे ना? आता कोरडी झाली की कापसात गुंडाळून डबीत ठेव आणि फुगडी घाल. इथे मला सगळं मिळतं, तुझी फुगडी तेवढी मिळत नाही."

काच डबीत गेली. धुरपदाबाईंनी पदर खोचला, कुंदाबाईचे हात धरले आणि अशी गिरकी घेतली, की बुवांनी स्वतः टाळ हातात घेतले. सारिका फोन धरून त्यांच्याभोवती फिरत होती. पलीकडे रूपा हसत होती, डोळे पुसत होती.

तर मंडळी, काल्याचा घास हातावर पडेल, तेव्हा परक्या मुलखात दुसऱ्याच्या आईला भरवणाऱ्या आपल्या रूपाची क्षणभर आठवण काढा.